कुत्री मारली तरी रेबीज पसरला: बाली बेटाचं प्रकरण आणि परदेशी पशुवैद्याची जागा

2008 सालापर्यंत बाली बेटावर रेबीज नव्हता. इंडोनेशियाच्या इतर कितीतरी बेटांवर तो वर्षानुवर्षं ठाण मांडून होता, पण बालीत कुत्रं चावलं तर लोकांना जखमेची काळजी वाटायची, मरणाची नाही. बेटावरच्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचलेली नव्हती आणि पिसाळलेलं कुत्रं प्रत्यक्ष पाहिलेला डॉक्टर मिळणं कठीण होतं. त्या वर्षाच्या अखेरीस बेटाच्या दक्षिण टोकाला, बुकित द्वीपकल्पावरच्या उंगासान गावात माणसं दगावू लागली. पाण्याचा घोट समोर आला की घशाला आकडी, वाऱ्याची झुळूक सहन न होणं, भ्रम आणि काही दिवसांत मृत्यू. नोव्हेंबर 2008 मध्ये निदान पक्कं झालं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे निदान झालं तेव्हा त्या घरांसाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शिक्षण संपत आलेले अनेक तरुण पशुवैद्य मला विचारतात, परदेशात जाऊन भटक्या कुत्र्यांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करायचं आहे, कुठे जाऊ? त्यांना मी आधी बालीचं प्रकरण वाचायला सांगते. बाहेरून आलेल्या माणसाच्या हातून काय होऊ शकतं, काय होऊ शकत नाही आणि कुत्र्यांशी दयेनं वागणं हा साथ आटोक्यात आणण्याचाच मार्ग कसा असतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी घटना माझ्या माहितीत नाही.

उंगासान ते सगळं बेट

बोटीनं आणलेल्या एखाद्या कुत्र्याबरोबर हा विषाणू बालीत आला असं मानलं जातं. कुत्रं चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठवडे जातात, कधी कधी महिने. म्हणजे उंगासानमध्ये माणसं मरू लागली तेव्हा तिथल्या कुत्र्यांमध्ये रेबीज कित्येक महिने फिरत होता.

नकाशावर बुकित द्वीपकल्प पाहिलं की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. जिंबारानजवळच्या एका अरुंद पट्टीनं ते मुख्य बेटाला जोडलेलं आहे. साथीला अडवायला निसर्गानं दिलेली याहून सोयीची जागा कुठे मिळणार? त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या कुत्र्यांना चांगली, टिकाऊ लस तातडीनं टोचली असती, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता असं मला ठामपणे वाटतं. लसीकरण सुरू झालंही, पण ते तुटक होतं. सुरुवातीला वापरलेल्या स्थानिक लसीचा परिणाम फार काळ टिकत नसे, काही महिन्यांनी पुन्हा मात्रा द्यावी लागे. दाराशी बांधलेल्या कुत्र्याला दुसरी मात्रा देणं सोपं असतं. गावभर हिंडणारं तेच कुत्रं तीन महिन्यांनी पुन्हा गाठायचं, हे कागदावरच जमतं.

2009 मध्ये रेबीज द्वीपकल्प ओलांडून मुख्य बेटावर पोचला. 2010 सालात बालीच्या आठही जिल्ह्यांत आणि देनपसार शहरात तो सापडला. त्या एका वर्षात 82 माणसं गेली. बेटावर तेव्हा सुमारे 39 लाख लोक आणि अंदाजे चार लाख कुत्री होती. महिन्याला हजारो लोक चाव्यासाठी दवाखान्यात येत होते. खोल चाव्याच्या जखमेत टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला लगेच रोखणारी तयार प्रतिपिंडं, अनेकदा मिळतच नव्हतं, माणसांची लसही पुरत नव्हती.

विष

सरकारी यंत्रणेनं लशीच्या बरोबरीनं हाती घेतलं ते स्ट्रिक्निन. फुंकणीतून मारलेले विषारी बाण आणि विष घातलेले खाण्याचे तुकडे. पुढच्या काळात मारलेल्या कुत्र्यांची संख्या लाखाच्या वर गेली.

स्ट्रिक्निननं कुत्रं कसं मरतं हे पशुवैद्यानं लिहायला हवं, कारण “झोपवलं”, “निकाली काढलं” असल्या शब्दांखाली ते झाकलं जातं. मज्जारज्जूत ग्लायसिन नावाचं रसायन स्नायूंना आवर घालत असतं. स्ट्रिक्निन तो आवरच काढून घेतं. मग दार आपटलं, कुणी ओरडलं, नुसतं अंगाला बोट लागलं, तरी सगळे स्नायू एकदम ताठतात. मान मागे वळते, पाय काठीसारखे होतात, छाती आखडते आणि श्वास अडतो. झटका सैल पडतो, कुत्रं धापा टाकतं, की पुढचा झटका. या सगळ्यात मेंदू शाबूत असतो. कुत्रं शुद्धीवर असतं. मालकाच्या अंगणात, मुलांच्या देखत हे घडत होतं.

आणि मरत कोण होतं? बाणाच्या टप्प्यात येतं ते माणसाला न बुजणारं कुत्रं. दारात बसलेलं, शेपटी हलवत पुढे येणारं. बालीत कुत्रं रस्त्यावर दिसतं म्हणून ते बेवारस ठरत नाही. गिआन्यार जिल्ह्यातलं केलुसा आणि पूर्वेकडचं अंतिगा या गावांत संशोधकांनी एकेका कुत्र्याची नोंद ठेवून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा मोकळी हिंडणारी जवळपास सगळी कुत्री कुणा ना कुणाच्या घरची निघाली. ती घराच्या आवारात झोपतात, परक्यावर भुंकतात, उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या नैवेद्यातला भात खातात आणि दिवसभर गल्लीत असतात. त्यांच्या गळ्यात पट्टा नसतो, एवढाच काय तो फरक.

कत्तलीचे परिणाम एकमेकांत गुंतलेले होते. घरचं कुत्रं मेलं की राखणीला नवं पिल्लू आणलं जाई, तेही बहुतेक वेळा दुसऱ्या गावातून. त्याला लस नसे, आणि ते आपल्याबरोबर काय घेऊन येतं हे कुणाला ठाऊक नसे. मारणारं पथक येणार अशी कुणकुण लागली की लोक आपलं कुत्रं नातेवाइकांकडे हलवत. स्कूटरवर बसवलेलं कुत्रं तासा-दोन तासांत दुसऱ्या जिल्ह्यात. पिसाळलेल्या कुत्र्याला तेवढं अंतर कापायला जे कष्ट पडले असते, ते माणसांनी वाचवले. सगळ्यात वाईट म्हणजे लस टोचलेली कुत्रीही मारली गेली. लसवंत कुत्रं हा विषाणूच्या वाटेतला बांध असतो. तो एका हातानं घालायचा आणि दुसऱ्या हातानं फोडायचा, असं दीड-दोन वर्षं चाललं.

चौथा परिणाम कुठल्या तक्त्यात दिसत नाही. सरकारी गाडी दिसली की लोक कुत्रं लपवू लागले. त्यातून उतरणारा माणूस सुई घेऊन आलाय की फुंकणी, हे लांबून कसं कळणार?

हे सगळं आधी घडून गेलेलं होतं, आणि तेही त्याच देशात. सप्टेंबर 1997 मध्ये सुलावेसीकडून आणलेल्या तीन कुत्र्यांमुळे फ्लोरेस बेटावर रेबीज शिरला. 1998 मध्ये लारांतुका भागातली सुमारे 70 टक्के कुत्री मारण्यात आली. रेबीज गेला नाही, फ्लोरेसभर पसरला आणि पुढच्या काही वर्षांत तिथे शंभराहून जास्त माणसं त्यानं गेली. बालीत फुंकण्या बाहेर आल्या तेव्हा हा अनुभव अवघ्या दहा वर्षांपूर्वीचा होता. त्याकडे पाठ फिरवली गेली याचं मला आजही दुःख होतं.

सत्तर टक्के कशासाठी

एक पिसाळलेलं कुत्रं सरासरी किती कुत्र्यांना रेबीज देतं? बालीच्या साथीचा अभ्यास करून संशोधकांनी काढलेला आकडा 1.2 च्या आसपास आहे. म्हणजे दहा आजारी कुत्र्यांमागे नवी बारा. गोवराच्या तुलनेत हा आकडा फारच लहान. रेबीज भयंकर आहे तो मृत्यूच्या खात्रीमुळे. पसरण्याच्या बाबतीत तो तसा दुबळा रोग आहे, दहातल्या दोन-तीन कुत्र्यांत प्रतिकारशक्ती कायम राहिली तरी साखळी तुटू लागते.

मग 70 टक्के कुत्र्यांना लस द्या असं जागतिक आरोग्य संघटना का सांगते? कारण आज 70 टक्के असलेलं संरक्षण उद्यापासून झिजायला लागतं. मोकळ्या कुत्र्यांचं आयुष्य थोडं असतं. लसवंत कुत्री मरतात, बिनलसीची पिल्लं जन्मतात. पुढची फेरी येईपर्यंत टक्केवारी धोक्याच्या रेषेखाली जाऊ नये म्हणून सुरुवात उंचावरून करायची. कत्तल हीच झीज आणखी वाढवते.

कुत्री कमी केली की रोग कमी होईल, हे ऐकायला पटतं. पण पिसाळलेलं कुत्रं गर्दीवर अवलंबून नसतं. ते मैलोनमैल पळतं, वाटेत जे येईल त्याला चावतं, दुसरं कुत्रं दिसलं नाही तर शोधत जातं. निम्मी कुत्री मारली म्हणून त्याचे चावे निम्मे होत नाहीत.

लाल पट्टा

बदल सुरू झाला तो उबुदमधल्या बाली ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन, म्हणजे बावा या संस्थेच्या पथदर्शी प्रयोगातून. अमेरिकेहून येऊन बालीत स्थायिक झालेल्या जेनिस गिरार्डी यांनी ही संस्था स्थापन केली. गिआन्यार आणि बांगली जिल्ह्यांत संस्थेनं गावोगाव कुत्री पकडून टिकाऊ परिणामाची लस टोचली आणि ज्यांना कुणीच पकडू शकत नाही असं म्हटलं जाई, ती कुत्री पकडता येतात हे दाखवून दिलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा हाच. कत्तलीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुख्य मुद्दा “हातात येत नाहीत, म्हणून मारावी लागतात” हाच होता.

त्यानंतर प्रांतिक सरकार, बावा आणि तेव्हाची वर्ल्ड सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ ॲनिमल्स यांनी मिळून अख्ख्या बेटाची मोहीम हाती घेतली. लसीसाठी ऑस्ट्रेलियाकडून मदत आली. 2010 च्या सप्टेंबरअखेरीला काम सुरू झालं आणि 2011 च्या पहिल्या काही महिन्यांत दोन लाखांहून अधिक कुत्र्यांना लस टोचून पहिली फेरी पुरी झाली.

पथकाचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. लांब दांड्याला गोल कडं आणि कड्याला खोल जाळं. पकडणारे कुत्र्याच्या मागे धावत नाहीत. एक जण गल्लीच्या तोंडाशी निवांत उभा राहतो, दुसरा मागून हलकेच कुत्र्याला त्याच्याकडे वळवतो. कुत्रं भिंतीकडेनं निसटू पाहतं त्या क्षणी जाळं खाली येतं, दांडा अर्धा वळसा फिरतो आणि कुत्रं झोळीत अडकतं. एक जण पायानं कडं दाबून धरतो. लस टोचणारा जाळ्याच्या भोकातून मांडीत सुई घालतो, कुणीतरी मानेला लाल पट्टा बांधतं, नोंदणारा रंग, लिंग, अंदाजे वय लिहितो आणि जाळं उलटं होतं. पकडल्यापासून सुटेपर्यंत मिनिटभराचा खेळ. कुत्रं अंग झटकून पळून जातं, चार पावलांवर थांबून मागे वळून पाहतं. हे काम चांगलं करणाऱ्या माणसाच्या हालचालीत घाई नसते आणि आवाज तर नसतोच. एका गल्लीत एकदा आरडाओरडा झाला की पुढच्या चार गल्ल्या रिकाम्या झाल्या समजा.

लाल पट्ट्याचे उपयोग अनेक होते. लोकांना दुरून कळे की हे कुत्रं सुरक्षित आहे, त्याला मारण्याची गरज नाही. मालकाला पट्ट्याचा अभिमान वाटे. आणि पथक गेल्यावर सर्वेक्षण करणारे त्याच वस्तीत फिरून पट्टेवाली किती, बिनपट्ट्याची किती हे मोजत. प्रमाण सत्तरच्या खाली दिसलं की पथक पुन्हा त्या गावात. “आम्ही इतक्या मात्रा संपवल्या” हा हिशेब कुठलंही खातं देऊ शकतं. गल्लीतून चालत जाऊन दर दहा कुत्र्यांतल्या किती जणांच्या गळ्यात पट्टा आहे हे पाहणं, याला मी खरा हिशेब म्हणते.

यात बांजारचा वाटा किती मोठा होता हे परदेशी लोकांच्या वर्णनात अनेकदा निसटतं. बांजार म्हणजे बालीतली वस्ती पातळीवरची सामुदायिक संस्था. लग्न, अंत्यविधी, देवळाची कामं, रस्त्याची साफसफाई, सगळं तिच्यामार्फत चालतं. उद्या सकाळी लसीचं पथक येणार, कुत्री आवारातच ठेवा, हा निरोप बांजारच्या प्रमुखाकडून आला की दारं उघडतात. तोच निरोप एखाद्या गोऱ्या किंवा भारतीय डॉक्टरनं दुभाष्यामार्फत दिला तर लोक हसून मान डोलावतात आणि कुत्रं मागच्या दारानं बाहेर जातं.

बालीचे लोक बहुसंख्येनं हिंदू आहेत, महाभारत त्यांच्या वायांगच्या, म्हणजे सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळांत आणि नृत्यांत आजही जिवंत आहे. कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल ठेवायला नकार देणारा युधिष्ठिर त्यांना परका नाही, रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका जुन्या संस्थेचं नाव युधिष्ठिर स्वर्ग असं आहे. त्याच बेटावर काही विधींत कुत्र्याचा बळी दिला जातो आणि कुत्र्याच्या मांसाचा व्यापारही आहे. पाहुण्यानं दोन्ही गोष्टी डोळे उघडे ठेवून पाहाव्यात. “हे लोक प्राण्यांवर प्रेम करतात” किंवा “हे लोक क्रूर आहेत” असा निकाल घेऊन विमानातून उतरणारा माणूस पहिल्याच बैठकीत यजमानांना दुखावतो.

पाहुण्या पशुवैद्याचं काम

आता मूळ प्रश्न. या सगळ्यात परदेशातून स्वयंसेवक म्हणून आलेला पशुवैद्य नेमका कुठे बसतो?

पुष्कळांच्या मनातलं चित्र शस्त्रक्रियेच्या टेबलाचं असतं. आपण जाऊ, दिवसाला ढीगभर नसबंद्या करू, बेटावरची कुत्री कमी होतील. 2010 च्या बालीत ते चित्र उपयोगाचं नव्हतं. साथ पेटलेली असताना एका मादीची नसबंदी करायला भूल, शस्त्रक्रिया आणि शुद्धीवर येईपर्यंतची देखरेख धरून जेवढा वेळ जातो, तेवढ्यात जाळीवालं पथक गल्लीच्या गल्ली लसवंत करून पुढे जातं. नसबंदीची गरज दीर्घ पल्ल्याची आहे. नको असलेली पिल्लं कमी झाली की रस्त्यावर उपाशी, खरजेनं केस झडलेली, वाहनाखाली सापडणारी कुत्री कमी होतात आणि लसीची टक्केवारी सावकाश झिजते. पण साथीत पहिला मान लसीचा.

शिवाय नसबंदी हे शिकाऊ हातांनी सराव करण्याचं काम नाही. स्वयंसेवकांच्या शिबिरांत मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. आपल्या देशात मालकाच्या पाळीव कुत्रीवर एकट्यानं हात घालायची परवानगी ज्याला नाही, त्याला दुसऱ्या देशातल्या रस्त्यावरच्या कुत्रीवर ती का मिळावी? रस्त्यावरच्या मादीला खरं तर जास्त कुशल हात हवा. ती उद्या तपासणीला येणार नाही. टाके सुटले, पोटात रक्तस्राव झाला, जखमेत पू झाला, तर ती कुठल्याशा झुडपाखाली मरेल आणि शिबिराच्या अहवालात “यशस्वी” म्हणूनच राहील. म्हणून छेद लहान हवा, कातडीखालचे विरघळणारे टाके हवेत, वेदनाशामक देण्यात कसूर नको, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत ऊब हवी, कानाला खूण हवी म्हणजे तिचं पोट पुन्हा कुणी उघडणार नाही, आणि जिथून उचललं त्याच गल्लीत परत सोडणं हवं. यातलं एक जरी जमत नसेल तर त्या दिवशी शस्त्रक्रिया करू नये.

कायद्याचा भागही तितकाच गंभीर. इंडोनेशियात पर्यटक म्हणून जाऊन बिनपगारी स्वयंसेवी कामसुद्धा करता येत नाही, त्यासाठी योग्य व्हिसा आणि यजमान संस्थेची कागदपत्रं लागतात. पशुवैद्यकीची पदवी एका देशाची असली म्हणून दुसऱ्या देशात चालत नाही. “आमच्याकडे कुणी विचारत नाही, या तुम्ही” असं जी संस्था सांगते तिच्याकडे जाऊ नका. पकडले गेलात तर तुम्ही विमानात बसून घरी याल, पण तिथल्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांनी सरकारशी कष्टानं जोडलेल्या संबंधांना त्याची किंमत मोजावी लागेल. सामानातून औषधं, विशेषतः भुलीची, नेण्याचा मोहही टाळा. मुदत संपत आलेल्या औषधांची बॅग ही मदत नव्हे.

स्वतःच्या लसीशिवाय तर निघूच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 पासूनच्या शिफारशीनुसार चाव्याआधीच्या संरक्षणाला दोन मात्रा पुरतात, पहिल्या दिवशी एक आणि सात दिवसांनी दुसरी. सतत कुत्री हाताळणाऱ्यानं रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळीही तपासून घ्यावी. आधी लस घेतलेल्याला चावा झाला तर जखम साबणपाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लसीच्या दोन मात्रा, पहिल्या दिवशी एक आणि तीन दिवसांनी दुसरी, एवढंच लागतं. इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. बालीसारख्या तुटवड्याच्या ठिकाणी याचा अर्थ सरळ आहे: बिनलसीचा स्वयंसेवक चावला गेला, तर तो एखाद्या गावकरी मुलाच्या वाट्याची कुपी वापरतो.

मग बाहेरच्या पशुवैद्यानं करायचं काय? बालीत उपयोगी पडलेल्या गोष्टी बघा. टिकाऊ लस निवडण्याचा आग्रह. बर्फाच्या डब्यात लस दुपारच्या उन्हातही थंड राहते ना, याची रोजची तपासणी. पकडणाऱ्यांना जाळं शिकवणं आणि मग बाजूला होणं. सर्वेक्षणाची पद्धत बसवणं. तीन महिन्यांखालच्या पिल्लांनाही लस द्यायची, हे पटवून देणं. अनेक ठिकाणी पिल्लं “लहान आहेत” म्हणून सोडली जातात आणि संरक्षणातलं मोठं भोक तिथेच पडतं. आणि चावणाऱ्या कुत्र्याचा माग काढणं. ते हयात असेल तर दहा दिवस निरीक्षण, मेलं असेल तर मेंदूचा नमुना देनपसारच्या सरकारी रोगनिदान प्रयोगशाळेत. नमुना रेबीजचा निघाला की त्या गल्लीतल्या सगळ्यांना गाठून लस द्यायची, नाही निघाला तर माणसांची मौल्यवान लस वाचते. या कामाचे फोटो छान येत नाहीत. जीव मात्र यानंच वाचतात.

आणि मरण देण्याचं कामही पशुवैद्याकडेच येतं. खरोखर पिसाळलेल्या कुत्र्याला वाचवता येत नाही. त्याचे हाल लांबवणं ही दया नव्हे. आधी गुंगी देऊन, मग शिरेतून बार्बिच्युरेट हे भुलीचं औषध देऊन त्याला शांतपणे जाऊ देणं हे शिकवायला लागतं, सराव लागतो, आणि हाताशी औषध लागतं. मारण्याला विरोध करणाऱ्या पशुवैद्यानं हे नीट करून दाखवलं तरच स्ट्रिक्निनवाल्याला पर्याय दिसतो. पकडणारा तरुण पहिल्यांदा असं शांत मरण पाहतो तेव्हा त्याच्या हातातली फुंकणी त्याला स्वतःलाच नकोशी होते, यावर माझा विश्वास आहे.

2011 नंतर

मोहिमेचा परिणाम आकड्यांत दिसला. 2010 मध्ये 82 माणसं गेली होती, 2012 मध्ये 8, आणि 2013 मध्ये एक. अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं सरकारनं पुढच्या फेऱ्या घेतल्या. चार लाखांच्या आसपास मोकळी कुत्री असलेल्या, कुंपण नसलेल्या बेटावर तीन वर्षांत एवढी घट, तीही कुत्री जिवंत ठेवून. हे तिथल्या पकडणाऱ्यांचं, लस टोचणाऱ्यांचं आणि बांजारांचं कर्तृत्व आहे.

पण रेबीज शून्यावर गेला नाही. साथ ओसरली तसं लक्ष आणि पैसा ओसरला. फेऱ्या उशिरा होऊ लागल्या, पिल्लं सुटू लागली. 2015 मध्ये पुन्हा 15 माणसं गेली आणि त्याबरोबर काही भागांत कुत्री मारणंही परत सुरू झालं. 2022 मध्ये 22 जण दगावले. त्या दरम्यान करोनाच्या काळात मोहिमा अडखळल्या होत्या, पर्यटन थांबून लोकांची कमाई गेली होती, आणि कुत्र्यांच्या लसीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

यातून बालीत ज्या गोष्टी रुजल्या त्यांतली सगळ्यात आशादायक मला वाटते ती गावातल्या स्वयंसेवकांची. तिसिरा नावानं ओळखली जाणारी ही गावपातळीवरची रेबीज पथकं चावा झाला की घरी पोचतात, जखम धुवायला लावतात, दवाखान्यात पाठवतात, कुत्र्याची चौकशी करतात, नवी पिल्लं आली की कळवतात. सानूर परिसरात बालीतल्या उदयना विद्यापीठाच्या मंडळींनी घरोघरच्या कुत्र्यांची नोंद ठेवून असंच काम उभं केलं. या माणसांना व्हिसा लागत नाही, दुभाष्या लागत नाही आणि तीन आठवड्यांनी त्यांचं विमान नसतं.

तेव्हा कुठल्याही देशातल्या संस्थेकडे अर्ज करण्याआधी मी विद्यार्थ्यांना काही प्रश्न विचारायला सांगते. तुमच्याकडे स्थानिक पशुवैद्य किती आहेत आणि शस्त्रक्रियागृहात शेवटचा शब्द कुणाचा असतो? गेल्या वर्षी लसीकरणानंतर सर्वेक्षण केलं का, आणि किती टक्के निघाले? शस्त्रक्रियेनंतर किती कुत्री दगावली, याची नोंद दाखवाल का? पिसाळलेल्या कुत्र्याचं काय करता, कुठलं औषध वापरता? मी गेल्यावर माझं काम कोण करेल? ज्या संस्थेकडे आकडे आहेत, वाईट आकडेही आहेत आणि ती ते दाखवते, तिचा अर्ज भरा. तिथे गेल्यावर पहिला आठवडा जाळीवाल्यांबरोबर फिरा, नोंदवही सांभाळा, बर्फ बदला. टेबलाशी बोलावतील तेव्हा बोलावतील.